नात्याचा रकाना

यंदा थंडी जरा लवकरच आली. निदान मला तरी तसं वाटलं. मोतीबिंदू वाढल्यापासून माझं सगळ्याच बाबतीत असं झालंय, समोर दिसतंय ते खरं की डोळ्यांचा खेळ, तेच कळत नाही. एका सकाळी गॅलरीत गेले तर समोरची बारा मजली इमारत गायब. धुकं म्हणावं की मोतीबिंदू? तेवढ्यात खालून पाचोळा पेटवल्याचा वास आला आणि हायसं वाटलं. नाक अजून शाबूत आहे. कर्वेनगरात डिसेंबर लागला होता.

थंडी आली की कपाटावरची बॅग खाली येते. डांबरगोळ्यांच्या वासात गुंडाळलेलं एकेक बाहेर निघतं. ह्यांची कानटोपी निघते. हे जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती दर वर्षी बाहेर निघते आणि उन्हं खाऊन परत आत जाते. सगळ्यात तळाशी ती अर्धी गोधडी असते. अर्धी म्हणजे खरोखर अर्धी. एका बाजूला मुंगीच्या रांगेसारखे बारीक टाके आणि दुसऱ्या बाजूला माझ्या आईचं हिरवं लुगडं नुसतं टाचून ठेवलेलं. टाके संपतात तिथे सुई अजून टोचलेली आहे. गंजली आहे, पण दोरा आहे.

अमेरिकेतून मुलगा म्हणतो, "आई, ते टाक गं आता. मी मस्त कम्फर्टर पाठवतो." पाठवला त्याने. छान आहे. पण ही गोधडी मला टाकवतही नाही आणि पुरी करून पांघरवतही नाही. दर थंडीत मी ती उन्हात घालते, आणि दर थंडीत मनात तोच गोंधळ सुरू होतो, की तेव्हा आम्ही केलं ते बरं केलं की वाईट?

तो हिवाळा मुलाच्या पहिल्या नोकरीचा होता. हिंजवडीला कंपन्या येत होत्या. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर सकाळी सातला कंपनीची बस यायची. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, ओले केस अशी दहाबारा पोरं तिथे हात चोळत उभी असायची. त्यांच्या तोंडातून वाफ निघायची आणि इंग्रजीही. त्याच कोपऱ्यावर, सोसायटीच्या भिंतीला पाठ लावून हिराबाई आणि गणपतराव बसायचे. पाच वर्षं बसत होते.

बसत होते म्हणजे राहत होते. पण आम्ही "बसतात" असंच म्हणायचो. "ते कोपऱ्यावर बसतात ना, त्यांच्या पुढे डावीकडे वळा," असा आमच्या घराचा पत्ता सांगायची मी. त्यांचा पत्ता आम्हाला कामाला यायचा, आणि त्यांना मात्र पत्ता नव्हता. हे मला तेव्हा सुचलं असतं तर काय बिघडलं असतं!

हिराबाई फलटणकडच्या. बारीक चणीच्या, कपाळावर हिरवं गोंदण. गोधड्या शिवायच्या. फुटपाथवर लुगडी अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायच्या आणि कडेकडेने टाके घालत आत सरकायचं. सोसायटीतल्या अर्ध्या घरांत त्यांची गोधडी होती. गणपतराव मूळचे पाट्या रंगवणारे. ऐंशीच्या पुढच्या काळातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या आपल्या हातच्या, असं सांगायचे. मग संगणकावर छापलेले फ्लेक्स आले आणि कुंचला धरणाऱ्याला कुणी विचारेना. आमच्या फाटकावरची 'फेरीवाल्यांना सक्त मनाई आहे' ही पाटीही त्यांनीच रंगवलेली. त्या पाटीपासून चार हातांवर ते बसायचे. "अक्षर कसं उतरलंय बघा ताई," असं मला कौतुकाने म्हणायचे. अक्षर सुरेखच होतं.

सकाळच्या कोवळ्या उन्हात गणपतराव एक काम करायचे. दहाबारा सुया ओवायचे आणि एका फडक्यात ओळीने टोचून हिराबाईंपुढे ठेवायचे. हिराबाईंना जवळचं नीट दिसायचं नाही. टाके त्या बोटांनी चाचपत घालायच्या, पण सुईचं नेढं काही सापडायचं नाही. ओवून झालं की गणपतराव चहा आणायला जायचे. बसची वाट पाहणारी पोरं कधी बिस्किटांचा पुडा द्यायची, त्यातलं अर्धं भिंतीवरच्या खारीला जायचं. मी शाळेत शिकवायला जाता जाता हे रोज पाहत होते, आणि यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

आमच्या सोसायटीत तेव्हा एक मदत मंडळ होतं. मंडळ कसलं, पाचसहा रिकामटेकडी माणसं! असं आमचे हे म्हणायचे. "देशाचा विकास झाला, आता तुम्ही कर्वेनगराचा करा," हेही म्हणायचे, आणि बैठकीला चहा मात्र स्वतः करून द्यायचे. ज्यांना घर नाही अशांना खोली मिळवून द्यायची, कागद करून द्यायचे, एवढंच काम. पाण्याच्या टाकीखाली राहणारी एक विधवा आणि तिच्या दोन मुली आमच्यामुळे घरात गेल्या. त्यातली धाकटी अजून दिवाळीला फोन करते. म्हणजे आम्ही अगदीच काही मूर्ख नव्हतो. हे मी स्वतःलाच सांगतेय.

मंडळाचा कणा म्हणजे गायकवाड साहेब. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहणारे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. घरात बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली फायलींची चळत. प्रत्येक माणसासाठी त्यांनी एक अर्ज तयार केलेला. नाव, वय, मूळ गाव, व्यवसाय, सोबतच्या व्यक्ती, त्यांच्याशी नाते. एकही रकाना रिकामा चालायचा नाही. मी एकदा कंटाळून म्हटलं, "अहो साहेब, खोली द्यायचीय, जन्मठेप नाही." तर ते हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, माझ्या वडिलांना उभ्या आयुष्यात पत्ता नव्हता. कुठेही गेले की पहिला प्रश्न, कागद आहे का? मी भरलेला कागद कुणी परत करता कामा नये." यावर मी पुढे कधी थट्टा केली नाही.

त्या हिवाळ्यात रस्तारुंदीची नोटीस आली. सोसायटीची भिंत आत सरकणार, फुटपाथ खणला जाणार. आम्हाला पार्किंगची चिंता. मंडळाला मात्र पहिल्यांदा वाटलं, की त्या दोघांचं काय? मुदत महिनाभराची होती.

अर्ज भरायला मी गेले. का, तर माझं अक्षर चांगलं. शिवाय मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे जे आहे तेच लिहिणार, अशी माझी ख्याती. मला तिचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

"हिराबाई, हे गणपतराव तुमचे कोण?"

"माजं? कुनी न्हाई."

"मालक नाहीत?"

"या बया! न्हाई वो."

"भाऊ? मानलेला तरी?"

"मानायचं काय त्यात. हायेत." मग त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "सुया ओवून देत्यात."

गणपतराव लांब उभे राहून फाटकावरची पाटी वाचत होते, जशी काही ती पहिल्यांदाच पाहतायत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "त्यांनी सांगितलं तेच लिवा."

आता 'सुया ओवून देतात' हे काय नातं झालं? तसं लिहिलं असतं तर गायकवाड साहेबांनी अर्ज परत केला असता. नवरा लिहिणं खोटं, भाऊ लिहिणंही खोटं. मी दोन मिनिटं पेन हातात धरून उभी राहिले आणि 'सोबतच्या व्यक्ती' समोर एक आडवी रेघ मारली. नात्यासमोर दुसरी रेघ. रकाना रिकामाही राहिला नाही आणि खोटंही लिहिलं नाही. मला फार बरं वाटलं होतं, अजून आठवतंय.

रेघ मारल्यावर पुढचं सगळं झरझर झालं. हिराबाई कागदावर एकट्या झाल्या. गणपतरावांचा वेगळा अर्ज झाला, तेही एकटे. एकट्या बाईसाठी खोली शोधायची आणि एकट्या पुरुषासाठी पेठेतला पुरुषांचा रात्रनिवारा. दोन माणसं, दोन छपरं. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या दोघांना काही विचारलं का? विचारलं की! "चालेल ना?" असं विचारलं. दोघं म्हणाले, "चालंल." ज्याच्या पायाखालचा फुटपाथ खणणार आहेत, तो दुसरं काय म्हणणार? पण हे आज सुचतंय.

खोली दिली भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब इथल्या मूळ गावातले, त्यांची शेतं होती तिथे आता आमच्यासारख्यांच्या सोसायट्या आहेत. बंगल्यामागे त्यांनी भाड्याच्या खोल्यांची एक रांग बांधली होती. मोठ्या मनाचा माणूस. "आपल्याकडं खोल्या पडूनच हायेत की. बाईमानूस हाय, ऱ्हाऊ द्या. भाड्याचं मागनं बगू," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

गृहप्रवेशाला आम्ही सगळे गेलो. मी स्टोव्ह नेला होता, कुणी पातेलं, कुणी बादली, कुणी देवाची तसबीर. दूध उतू घालायचं ठरलं. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, त्यामुळे चपला काढायला दारात जागा उरेना. "त्या बाजूच्या दारापाशी काडा, रिकामीच हाय ती खोली," भाऊसाहेब म्हणाले. दूध उतू गेलं, हिराबाईंनी हात जोडले, गायकवाड साहेबांनी किल्ली मिळाल्याची सही घेतली. म्हणजे अंगठा घेतला. गणपतराव आले नव्हते. त्याच सकाळी साहेबांनीच त्यांना रिक्षात घालून पेठेत पोचवलं होतं, नवी चादर आणि टूथब्रश देऊन. हिराबाईंनी एकदाच विचारलं, "ह्ये पेठेतलं कुटं आलं, शनवारवाड्यापाशी? बस जाती का तिकडं?" मी म्हटलं, "जाते की, दोन बदलाव्या लागतात."

आठवड्याने कोपऱ्यावर मशीन आलं. भिंत पडली, फुटपाथ उखडला, पोरांची बस पुढच्या चौकात थांबायला लागली. मी शाळेत जाताना धूळ नाकात जायची, आणि खरं सांगायचं तर कोपरा मोकळा झाल्याचं समाधानही वाटायचं. आपण वेळेत सोय केली, असं वाटायचं.

माझ्या आईचं लुगडं मी हिराबाईंना त्याच सुमाराला दिलं होतं. "पहिली गोधडी माझी हं," असं सांगून. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, गोधडी अर्धीच. मंडळात कुजबुज सुरू झाली. खोली मिळाली आणि हातपाय गाळले, असं एकीने म्हटलं. मला राग आला, पण तो कुणाचा हे कळेना. मी तडक खोलीवर गेले. दुपारची वेळ होती. हिराबाई दारात, उजेडाकडे तोंड करून बसल्या होत्या आणि दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईच्या आसपास कुठेतरी नेत होत्या. मी किती वेळ पाहत उभी होते कोण जाणे. दोरा दर वेळी सुईच्या शेजारून जायचा.

मला वाटलं, अस्सं! सापडलं उत्तर. म्हणजे प्रश्न डोळ्यांचा आहे तर. आम्ही पुण्यातली माणसं, प्रश्न सापडला की आम्हाला चैन पडत नाही. शनिवारी शिबिरात नेऊन तपासणी केली, पुढच्या शनिवारी चष्मा आला. वर सुई ओवायची ती बारीक तार लावलेली चकतीही मी घेऊन दिली. हिराबाईंनी चष्मा लावला, तार सुईत घातली, दोरा ओढला. पहिल्या झटक्यात. मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. त्यांनी सुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सुई गोधडीत टोचून ठेवली. "झ्याक हाय ताई," म्हणाल्या. त्यानंतर एकही टाका त्यांनी घातला नाही.

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "खोली दिली, चष्मा दिला, सुईसुद्धा ओवता येते आता. या बाईला आणखी हवंय तरी काय?" हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चौकशी समिती नेमा." मग थोड्या वेळाने पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, तो म्हातारा कसा आहे?"

तो म्हातारा. खरंच, कसा होता? महिना झाला होता आणि मंडळातलं कुणीही पेठेत गेलं नव्हतं. गायकवाड साहेब आणि मी दुसऱ्याच दिवशी गेलो. निवाऱ्यातला देखरेखीचा माणूस भला होता. त्याने वही काढून पाहिलं. "गणपतराव ना, पाटीवाले? ते चौथ्याच दिवशी गेले. मी थांबा म्हणत होतो. बायकोला शोधायला जातो म्हणाले."

"बायकोला?" आम्ही दोघं एकदमच बोललो.

"हो. गोधड्या शिवतात म्हणाले."

परत येताना रिक्षात आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. साहेब एवढंच पुटपुटले, "अर्जात तसं नव्हतं." मला रडू फुटेल असं वाटत होतं आणि हसूही येत होतं. मग ती 'कुणी नाही' का म्हणाली? की ती खरं बोलली आणि हा खोटं बोलला? की कुणाला काय सांगायचं हे न कळून, लोकांना पटेल असा एक शब्द त्याने उचलला?

सोसायटीच्या वॉचमनला विचारलं. "आला होता एक म्हातारा, झाला महिना. दोनतीनदा आला. गोधडीवाली कुठं गेली विचारत होता. मला काय म्हाईत? आत सोडायला तर मनाई हाय," आणि त्याने पाटीकडे बोट केलं. आम्ही सगळे जाऊन दूध उतू घालून आलो होतो, पण वॉचमनला खोलीचा पत्ता सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

हिराबाईंना हे सांगायला मीच गेले. निवाऱ्यातला माणूस काय म्हणाला तेही सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, मला अजूनही सांगता येणार नाही. "न्हाई वो मी त्येची बायकू," म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, "आसं म्हनला व्हय?"

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात ही घडी घातलेली अर्धी गोधडी. "खोली लई चांगली हाय ताई. पर तो त्या कोपऱ्यावं येनार, न्हाई तर दुसऱ्या कुटल्या कोपऱ्यावं बसनार. खोलीत कसा घावंल?"

मी म्हटलं, "अहो, आम्ही शोधतो ना! तुम्ही खोली सोडू नका. एवढ्या खटपटीने मिळालीय." माझा आवाज चढला होता. मी चिडले होते. खोलीसाठी चिडले होते की त्यांच्यासाठी, याचा हिशोब मला लागत नाही.

"तुमी लई केलंत," असं म्हणून त्यांनी मलाच वाकून नमस्कार केला. मी तिळगूळ दिला. दुसरं काही हाताशी नव्हतं. दोन लाडू, एक त्यांनी तोंडात टाकला आणि एक पदराच्या गाठीत बांधला.

आम्ही शोधलं. मंडई, नदीकाठ, कसब्यातले बोळ, स्टेशन, सगळीकडे गेलो. गोधड्या शिवणाऱ्या बायका पुष्कळ भेटल्या, हिराबाई भेटल्या नाहीत. कधी वाटतं, ती दोघं भेटली असतील. कुठल्या तरी भिंतीला पाठ लावून सकाळच्या उन्हात सुया ओवल्या जात असतील. कधी वाटतं, ती त्याला शोधत राहिली आणि तो तिला, या एवढ्या वाढत सुटलेल्या शहरात. त्यांना खोलीत नेलंच नसतं तर? पण मग रस्त्यावरच ठेवायचं होतं का? छप्पर नको म्हणायचं होतं का? दर थंडीत मी इथपर्यंत येते आणि पुढे जाता येत नाही. मंडळ पुढे बारगळलं. आता सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर थंडीत जुन्या ब्लँकेटचे फोटो येतात आणि खाली हात जोडलेली चित्रं.

परवा माझं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. सोबत गायकवाड साहेब आले होते. मुलगा म्हणाला येतो, मी म्हटलं एवढ्याशासाठी विमान कशाला. साहेबांच्या मिसेस जाऊन बरीच वर्षं झाली. सकाळचा चहा हल्ली आम्ही एकत्र घेतो, पेपर ते वाचून दाखवतात, गोळ्यांची डबी ते भरून देतात. साहेबही थकलेत, पण शर्टाला इस्त्री आहेच. हॉस्पिटलात ते माझी फाईल, थर्मास आणि शाल घेऊन उभे होते.

काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "आजी, सोबत कोण आहे?"

"हे आहेत."

"नातं काय टाकू? मिस्टर?"

"छे छे!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मग भाऊ?"

साहेबांनी घसा साफ केला. "नाही. तसं लिहू नका."

"अहो आजोबा, मागे लाइन आहे. कोण मग?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. गोळ्यांची डबी भरून देतात, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"समोरासमोर राहतो आम्ही," मी कशीबशी म्हणाले.

"मग शेजारी म्हणा ना! एवढं काय," ती म्हणाली. तिने टाइप केलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आम्ही बाकावर जाऊन बसलो. पाच वर्षं एका भिंतीला पाठ लावून बसलेली दोन माणसं, आणि हा शब्द मी त्यांना विचारलाच नव्हता. घरच नाही त्याला शेजारी कुठून असणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात असणार.

साहेब बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत होते. लावत होते, काढत होते, परत लावत होते.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "भाऊसाहेबांची ती बाजूची खोली रिकामीच होती."

"हो," मी म्हटलं. "आपण चपला काढल्या होत्या तिच्या दाराशी."